सोळा मेगाबाइटचा आसरा

१९८१ साली महाराष्ट्र शासनाने नांदेडला विष्णुपुरी इथे अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि लातूरला बिडवे महाविद्यालय उभं राहिलं. पुढच्याच वर्षी आयबीएमचं सुधारित यंत्र आलं, ‘पीसी एटी’. मराठवाड्यातल्या या घडामोडींचा आणि फ्लोरिडात बोका रॅटन गावी बसलेल्या आयबीएमच्या अभियंत्यांच्या निर्णयांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. पण पुढची पंचवीसेक वर्षं विष्णुपुरीतून आणि लातुरातून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी ज्या यंत्रांवर हात बसवला, त्यांच्या पोटात बोका रॅटनच्या काही काटकसरी मुक्कामाला होत्या. त्यांतली एक काटकसर पत्त्याच्या तारांची. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती कशी निभावून नेली, त्याची ही हकिकत आहे.

तारा किती, तेवढीच नजर

संगणकाच्या मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, म्हणजे पत्ता. हा पत्ता प्रोसेसर तारांवरून कळवतो आणि एका तारेवर एक बिट जातो. पहिल्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा होत्या, म्हणून त्याला १ मेगाबाइट मेमरी दिसे. एटीमधल्या ८०२८६ ला २४ तारा होत्या. त्याला १६ मेगाबाइट दिसत. एक तार वाढली की पोहोच दुप्पट होते, हे गणित शाळकरी आहे. मग तारा कमी का ठेवल्या? प्रत्येक तारेला चिपवर एक पिन लागते, बोर्डावर एक पट्टी लागते आणि कनेक्टरमध्ये एक जागा लागते. त्या प्रत्येकाला पैसे पडतात. ज्या काळी २५६ किलोबाइट मेमरी म्हणजे चैन होती, त्या काळी १६ मेगाबाइट कुणालाही पुरतील असंच वाटलं असणार.

मेमरीत मजकूर नेण्याचे दोन मार्ग असतात. एकात प्रोसेसर स्वतः एकेक शब्द उचलून ठेवतो. दुसऱ्यात कार्डच प्रोसेसरला न विचारता मेमरीत लिहितं किंवा तिथून वाचतं. या दुसऱ्या मार्गाला डीएमए म्हणतात. यात प्रोसेसर मोकळा राहतो, पण कार्डाला स्वतः पत्ता उच्चारावा लागतो. त्याला जितक्या तारा, तितकाच पत्ता त्याला उच्चारता येतो.

पहिल्या पीसीत डीएमएचं काम इंटेलच्या ८२३७ चिपकडे होतं. ती मुळात १६ बिटांची, म्हणजे ६४ किलोबाइटपुरती. वरचे चार बिट धरून ठेवायला आयबीएमने शेजारी एक छोटा नोंदक बसवला. मोजता मोजता ६४ किलोबाइटची सीमा आली की चिपचा आकडा पुन्हा शून्यावर जाई, पण शेजारचा नोंदक जागचा हलत नसे. परिणामी मजकुराचा उरलेला भाग ६४ किलोबाइट मागे जाऊन पडे. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने बफर, म्हणजे मजकुरासाठी राखलेली जागा, कुठल्याही ६४ किलोबाइटच्या सीमेवर आडवा पडू नये, याची काळजी घ्यायची. अशी अट हार्डवेअरच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते. पाळायची मात्र ती सॉफ्टवेअरला.

कार्डाच्या पोटातली मेमरी

सुरुवातीच्या नेटवर्क कार्डांनी डीएमएच्या भानगडीत न पडता वेगळी वाट धरली. त्यांनी मेमरी स्वतःबरोबर आणली. इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी आकाराला आणलं. मेटकाफ यांनी पुढे थ्रीकॉम ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये तिने पीसीसाठी इथरलिंक कार्ड विकायला घेतलं. या कार्डावर एकच बफर होता, २ किलोबाइटचा. आलेलं पॅकेट प्रोसेसर उचलून नेईपर्यंत दुसरं आलं तर ते गळून पडे. पाठवण्यासाठीही तोच बफर. पुढे याच्या थ्रीसी-५०१ या रूपाचा ड्रायव्हर लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी फाइलीतच सल्ला लिहून ठेवला की हे कार्ड थट्टेतसुद्धा विकत घेऊ नका.

खरा प्रसार झाला तो नॉव्हेलच्या एनई-१००० आणि एनई-२००० या कार्डांमुळे. नॉव्हेलला कार्डांत पैसा कमवायचा नव्हता, नेटवेअर हे सॉफ्टवेअर विकायचं होतं, आणि त्यासाठी कार्ड स्वस्त असणं सोयीचं होतं. नॅशनल सेमिकंडक्टरच्या डीपी-८३९० चिपभोवती रचलेलं हे कार्ड तैवानमधल्या कारखान्यांनी इतकं उचललं की ‘एनई-२००० कम्पॅटिबल’ ही बाजारात एक जातच होऊन बसली.

एनई-२००० वर १६ किलोबाइट मेमरी असे. चिप तिचे २५६ बाइटचे तुकडे पाडी. एकूण ६४ पानं. इथरनेटचं पूर्ण लांबीचं पॅकेट १,५१४ बाइटचं, म्हणजे सहा पानांचं. लिनक्सच्या ड्रायव्हरने बारा पानं पाठवणीसाठी राखली. एक पॅकेट तारेवर जात असताना दुसरं भरता यावं, हा त्यामागचा हिशेब. उरलेल्या ५२ पानांच्या चक्रात पूर्ण लांबीची आठ पॅकेटं मावत. दहा मेगाबिटच्या तारेवर असं एक पॅकेट सव्वा मिलिसेकंदात येतं. म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामात दहा मिलिसेकंद अडकला की चक्र तुडुंब. तसं झालं की चिपला नुसतं ‘पुढे चल’ म्हणून भागत नसे. तिला थांबवायचं, हातातलं पॅकेट तारेवरून निघून जाईपर्यंत १.६ मिलिसेकंद वाट पाहायची, अर्धवट राहिलेली पाठवणी लक्षात ठेवायची, चक्र रिकामं करायचं आणि मग ती पुन्हा सुरू करायची. ड्रायव्हरमधला हा भाग टिच्चून लिहिला नसेल तर कार्ड गप्प होऊन बसे आणि यंत्र बंद करून चालू करण्यावाचून गत्यंतर नसे.

मराठवाड्यात आलेली यंत्रं

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरची बंधनं सैल केली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने निकनेटद्वारे जिल्हा मुख्यालयं उपग्रहामार्फत जोडायला घेतली, आणि सरकारी कामकाजात संगणक जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचला. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. लातूर त्याच्याच कक्षेत आलं.

त्या काळातल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेचं चित्र महाराष्ट्रभर साधारण सारखं होतं. कोपऱ्यात नेटवेअरचा एक सर्व्हर आणि त्याला काळ्या कोअ‍ॅक्सियल केबलने ओवलेली यंत्रं. पुष्कळ यंत्रांना हार्ड डिस्क नसेच. नेटवर्क कार्डावरच्या खोबणीत बूट रॉमची चिप बसवलेली असे आणि यंत्र सर्व्हरवरून जागं होई. केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. मधला एक टी-कनेक्टर ढिला झाला की अख्खी ओळ बंद पडे. अशा ठिकाणी नेटवर्क कार्ड बिघडलं म्हणजे नुसतं नेटवर्क जात नसे, संगणकच जाई.

यंत्रं बहुतेक जुळवलेली, ज्याला सगळे ‘असेंबल्ड’ म्हणत. नांदेडच्या दुकानदाराला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. लातूरकराला पुणेही सोयीचं. ब्रँडेड यंत्राला मोजायला पैसे नसत. मदरबोर्ड एकाचा, मेमरी दुसऱ्याची आणि कार्ड हाती लागेल ते. पाच वर्षांपूर्वीचं कार्ड नव्या बोर्डात बसवणं ही तिथली नित्याची गोष्ट होती. आणि नेमक्या याच ठिकाणी पत्त्याच्या तारांचा जुना हिशेब उसळून वर येई. बोर्ड नवा, त्यावर मेमरी जास्त. कार्ड जुनं, त्याची नजर तोकडी.

सतराव्या मेगाबाइटचा प्रश्न

सगळीच कार्डं एनई-२००० सारखी नव्हती. एएमडीच्या ‘लान्स’ या चिपभोवती बांधलेली कार्डं मेमरीत थेट लिहीत. नॉव्हेलचं एनई-२१०० हे त्यांतलंच. काम झपाट्याने होई आणि प्रोसेसरवर भार पडत नसे. पण लान्सला बफरांचे पत्ते कळवणाऱ्या यादीत प्रत्येक पत्त्याला तीनच बाइट होते, म्हणजे २४ बिट. ज्या आयसा खोबणीत कार्ड बसे, तिच्याही तारा २४ च, कारण ती एटीची वारसदार. यंत्रात ४ किंवा ८ मेगाबाइट मेमरी होती तोवर कुणाचं अडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात ३२ मेगाबाइटची यंत्रं दिसू लागली. आता समजा, आलेलं पॅकेट ठेवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने सतराव्या मेगाबाइटनंतरची जागा दिली. कार्ड वरचे बिट उच्चारूच शकत नाही, त्यामुळे १७ मधून १६ वजा होतात आणि कार्ड १ मेगाबाइटच्या पत्त्यावर लिहून मोकळं होतं. पीसीवर लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, नेमकं त्याच पत्त्यापासून बसवलेलं असे. म्हणजे दूरच्या यंत्राकडून आलेलं एखादं निरुपद्रवी पॅकेट थेट कर्नलच्या अंगावर. यंत्र कोलमडे, पण का ते कळत नसे, कारण चूक कुठेच नोंदली जात नसे. कार्डाच्या दृष्टीने त्याने काम चोख केलेलं असे.

यावर लान्सच्या ड्रायव्हरमध्ये बेकर यांनी उपाय केला. नव्वदच्या दशकात ते नासाच्या गोडार्ड केंद्रात होते. १९९४ मध्ये त्यांनी थॉमस स्टर्लिंग यांच्यासोबत १६ साधे ४८६ पीसी इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ हा स्वस्तातला महासंगणक उभा केला आणि त्या खटाटोपात लिनक्ससाठी नेटवर्क ड्रायव्हरांची रास लिहिली. उपाय असा होता. पहिल्या १६ मेगाबाइटमध्ये काही बफर आधीच राखून ठेवायचे. पॅकेट पाठवताना ड्रायव्हर एक बेरीज करी, पत्ता अधिक लांबी. उत्तर १६ मेगाबाइटच्या आत असेल तर पॅकेट तिथूनच कार्डाच्या हवाली. बाहेर गेलं तर प्रोसेसर ते राखीव बफरमध्ये उतरवून घेई आणि कार्डाला त्या बफरचा पत्ता देई. यालाच बाउन्स बफर म्हणतात.

लातूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा ती रुळांवरून स्थानकापर्यंतच येऊ शकत होती. तिथे पाणी उतरवून घेऊन पुढे शहरात न्यावं लागलं. नळाच्या पाण्यापेक्षा हा द्राविडी प्राणायाम महाग होता, पण त्यावाचून घसा ओला झाला नसता.

लिनक्सने या सोयीसाठी पहिल्या १६ मेगाबाइटचा वेगळा विभागच राखला. ज्याची नजर तोकडी आहे अशा उपकरणासाठी मेमरी मागताना ड्रायव्हरने तसं सांगायचं आणि कर्नलने या विभागातून जागा द्यायची. तेव्हा सगळ्यांना ही तात्पुरती तडजोड वाटत होती. आयसा खोबण्या गेल्या की हा विभागही जाईल, असा तर्क होता.

इंटरनेट नसलेल्या गावांत लिनक्स पोहोचलं ते मासिकांबरोबर वाटल्या जाणाऱ्या सीडींमधून. ‘पीसीक्वेस्ट’ची सीडी त्या काळी हातोहात फिरे. तिच्यासोबत हे ड्रायव्हरही आले, मूळ लिखाणासकट. विंडोजचा ड्रायव्हर कार्डाच्या डबीतल्या फ्लॉपीवर येई. फ्लॉपी हरवली किंवा तिला बुरशी लागली की संपलं. लिनक्समध्ये जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच बसलेला असे. जुळवलेल्या यंत्रांच्या गावात या फरकाला मोल होतं.

पुण्यात उलटा विचार

त्याच वर्षांत महाराष्ट्रात दुसऱ्या टोकाला एक वेगळी मंडळी याच प्रश्नाशी झुंजत होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तिचे प्रमुख विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर देशाने स्वतःचा बनवायचं ठरवलं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात नेटवर्क कार्ड नव्हतंच. इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपमध्येच शेजारच्या चिपशी बोलण्याचे चार मार्ग घडवलेले होते आणि प्रत्येक मार्ग स्वतःच मेमरीतून वाचे-लिही.

१९९८ मध्ये ‘परम १००००’ आला, तेव्हा रचना बदलली. आता सनच्या तयार यंत्रांचा समूह होता आणि यंत्रं जोडायला जाळं हवं होतं. सी-डॅकने त्यासाठी ‘परमनेट’ हे स्वतःचं जाळं घडवलं. २००३ मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आलेल्या ‘परम पद्म’मध्ये त्याची दुसरी पिढी होती, तर २००८ मध्ये ६९ व्या क्रमांकावर आलेल्या ‘परम युवा’मध्ये तिसरी.

अशा जाळ्यात मजकूर एका बफरमधून दुसऱ्यात उतरवणं परवडत नाही. तार सेकंदाला अडीच गिगाबिट वेगाने वाहत असताना प्रोसेसर नक्कल करत बसला, तर महागड्या जाळ्याचा उपयोग काय? म्हणून १९९७ च्या सुमाराला जगभर एक नवी पद्धत रुजू लागली. कंपॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तिचा एक मसुदा प्रसिद्ध केला आणि सी-डॅकच्या ‘क्षिप्र’ या सॉफ्टवेअर संचानेही त्याच अंगाने काम केलं. यात वापरकर्त्याचा प्रोग्राम कर्नलला वळसा घालून थेट कार्डाशी बोलतो. पण प्रोग्रामला दिसणारा पत्ता आणि मेमरीतला खरा पत्ता वेगवेगळे असतात. त्यांची जुळणी सांगणारा तक्ता कार्डाजवळ लागतो. कार्डाची मेमरी तुटपुंजी, त्यामुळे तक्ता पुरा मावत नाही. मग प्रोग्रामने आधी आपली जागा नोंदवायची, कर्नलने ती हलणार नाही अशी खिळून ठेवायची आणि तक्त्यात नेमक्या लागतील तेवढ्याच नोंदी ठेवायच्या.

स्वस्त पीसीचा ड्रायव्हर नक्कल करून मर्यादा ओलांडत होता आणि महासंगणकाचा ड्रायव्हर नक्कल टाळण्यासाठी हिशेबाच्या वह्या ठेवत होता. दोघांच्या मुळाशी दुखणं एकच होतं. कार्डाला सगळी मेमरी दिसत नव्हती.

स्वस्त कार्डांचं दशक

पीसीआय खोबणी आली आणि पत्त्याला ३२ तारा मिळाल्या. ४ गिगाबाइटपर्यंत नजर पोहोचली. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले. नांदेड-लातूरमध्ये सायबर कॅफे थाटले गेले. या सगळ्या खोल्यांत जागोजागी आढळणारी चिप होती रिअलटेकची आरटीएल-८१३९. डी-लिंकचं डीएफई-५३८टीएक्स हे भारतात गाजलेलं कार्ड त्याच घराण्यातलं. डी-लिंक इंडियाचा कारखाना गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत होता.

या चिपला पत्ता ३२ बिटांचा मिळाला होता, पण काटकसर दुसरीकडे झाली होती. आलेली पॅकेटं वेगवेगळ्या बफरांत ठेवण्याची अक्कल तिला नव्हती. तिला मेमरीचा एकच सलग पट्टा हवा असे. लिनक्सचा ड्रायव्हर ३२ किलोबाइटचा पट्टा देई. त्यात पॅकेटं एकामागे एक ओतली जात आणि प्रत्येक पॅकेट ड्रायव्हरला नक्कल करून बाहेर काढावं लागे. पाठवणीसाठी चारच जागा होत्या आणि पॅकेटचा पत्ता चारने भाग जाणारा हवा, ही अट. इथरनेटचं शीर्षक १४ बाइटचं, त्यामुळे पॅकेट सहसा त्या अटीत बसत नसे. ड्रायव्हरने सरसकट नक्कल करणं पत्करलं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी या चिपचा ड्रायव्हर लिहिणारे बिल पॉल यांनी आपल्या टिपणात तिला स्वस्तपणाची नवी पायरी गाठल्याबद्दल चांगलंच झोडपलं आहे. तरीही शंभर मेगाबिटच्या वेगाला सेकंदाला साडेबारा मेगाबाइटची नक्कल पुरते आणि तेवढं काम पेंटियमला जड नव्हतं. कार्डातून वाचलेले पैसे प्रोसेसर फेडत होता. गिऱ्हाइकाला ते कळतही नव्हतं.

दोन बिट कमी

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीने या सगळ्या प्रकरणाला शिस्त लावली. डेव्हिड मिलर, रिचर्ड हेंडरसन आणि जाकुब येलिनेक यांनी लिहिलेल्या नियमांचं सार असं होतं. ड्रायव्हरने मेमरीचा पत्ता स्वतः काढून कार्डाला द्यायचा नाही. कार्डाला किती बिट कळतात ते आधी कर्नलला सांगायचं, मग प्रत्येक बफरसाठी कार्डाला समजेल असा पत्ता कर्नलकडून मागून घ्यायचा. मधे बाउन्स बफर असो की पत्ते बदलणारं हार्डवेअर, ते कर्नल पाहून घेईल.

नियम चोख होते, पण एका कार्डाने त्यांची परीक्षा घेतली. ब्रॉडकॉमची ४४०१ ही स्वस्त चिप डेलच्या इन्स्पिरॉनसारख्या लॅपटॉपांत आणि कितीतरी मदरबोर्डांवर बसलेली होती. खोबणी ३२ बिटांची, चिपही वरकरणी ३२ बिटांची; पण तिला १ गिगाबाइटच्या पलीकडे लिहिता-वाचता येत नसे. कारण चिपच्या आत होतं. ब्रॉडकॉमने आपल्या घरगुती राउटरच्या चिपांमध्ये वापरलेलाच अंतर्गत मार्ग इथेही वापरला होता. त्या मार्गावर पीसीच्या मेमरीसाठी १ गिगाबाइटचीच खिडकी राखलेली होती. ३२ बिटांपैकी वरचे दोन चिपच्या आतली दिशा ठरवण्यात खर्ची पडत आणि पत्त्याला तीसच उरत. ज्या राउटरांत सगळी मिळून १६ मेगाबाइट मेमरी असे, त्यांना ही खिडकी ऐसपैस होती.

गंमत म्हणजे हा दोष बराच काळ झाकलेला राहिला. ३२ बिटांचं लिनक्स नेटवर्कचे बफर पहिल्या ८९६ मेगाबाइटमधूनच देई, कारण कर्नलला थेट हाताळता येणारी मेमरी तेवढीच असे. त्यामुळे लॅपटॉपमध्ये २ गिगाबाइट असले तरी कार्डाची गाठ वरच्या पत्त्यांशी पडत नसे. ६४ बिटांचं लिनक्स घातलं की हे कुंपण जाई, बफर कुठूनही येई आणि त्याच लॅपटॉपवर तेच कार्ड अडखळू लागे.

मिलर यांच्याच हातून सुरू झालेल्या, या चिपच्या बी-४४ ड्रायव्हरने मग लान्सची जुनी वाट धरली. मिळालेला पत्ता १ गिगाबाइटच्या पलीकडे असेल तर तो परत करायचा, खालची जागा मागायची आणि मजकूर तिथे उतरवायचा. त्या ओळींवरच्या टिपणात ही चिप १ गिगाबाइटच्या वर जाऊ शकत नाही असं लिहून शेवटी तोंड पाडलेला चेहरा काढलेला आहे.

पण खालची जागा म्हणजे कुठली? कर्नलजवळ ‘पहिल्या १ गिगाबाइटमध्ये द्या’ असं सांगण्याची सोयच नव्हती. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये २००६ मध्ये ४ गिगाबाइटखालचा एक वेगळा विभाग आला, पण तो या चिपला मोठा पडे. त्याखाली उरला होता एकच विभाग, एटीच्या २४ तारांसाठी राखलेला. आयसा खोबण्या तोवर बोर्डांवरून नाहीशा झाल्या होत्या. तरी २००२ नंतरच्या पीसीआय कार्डाला १९८४ च्या १६ मेगाबाइटमध्ये आसरा घ्यावा लागला. एक गिगाबाइट दिसत असूनही त्याच्या बाउन्स बफरांच्या वाट्याला चौसष्टावा हिस्सा आला, तोही इतरांबरोबर वाटून. ब्रॉडकॉमच्या वायरलेस कार्डांतही हाच तीस बिटांचा वारसा होता आणि त्यांच्या ड्रायव्हरलाही हेच सोपस्कार करावे लागले.

जे टळलं नाही

आजच्या नेटवर्क कार्डांना ६४ बिटांचा पत्ता कळतो आणि कार्ड व मेमरी यांच्या मधे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर असतं. मर्यादा मात्र संपल्या नाहीत. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ ला ४ गिगाबाइट मेमरी मिळाली, पण तिच्यावरच्या ब्रॉडकॉम चिपमधल्या काही जुन्या उपकरणांना पहिला १ गिगाबाइटच दिसे. त्यांच्यासाठी कर्नलला मेमरीची वाटणी पुन्हा मांडावी लागली. क्लाउडमधल्या सर्व्हरांत तर बाउन्स बफर उलट्या कारणासाठी परतले. एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर आभासी यंत्राची मेमरी कूटबद्ध ठेवता येते, ती बाहेरच्या उपकरणाला वाचता येऊ नये म्हणून. मग नेटवर्कचा मजकूर उघड्या बफरमध्ये उतरवूनच द्यावा लागतो. तोकड्या नजरेसाठी काढलेली पळवाट आता मुद्दाम नजर तोकडी करण्यासाठी वापरली जाते.

या इतिहासाचा निवाडा सोपा आहे. हार्डवेअरमध्ये वाचवलेली तार किंवा बिट फुकट वाचत नाही. त्याचा खर्च पुढे सरकतो आणि वर्षानुवर्षं सॉफ्टवेअर तो हप्त्याने फेडत राहतं. चिप बनवणारा नफा घेऊन पुढच्या चिपकडे वळलेला असतो. फेडणारा माणूस दुसराच असतो, बहुधा त्या कार्डाशी पैशाचा संबंध नसलेला. नांदेड आणि लातूरसारख्या गावांत जुनं कार्ड नव्या बोर्डात बसवून वर्ग चालले, कॅफे चालले, मुलं शिकली, त्यात या अनोळखी फेडीचा वाटा आहे. तो दुकानदाराच्या बिलात कधी आला नाही.

विष्णुपुरीत, लातुरात किंवा कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना एक सांगणं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातला डीएमएचा धडा परीक्षेपुरता वाचून ठेवून देऊ नका. लिनक्समधली बी-४४ ची फाइल उघडा. अडीच हजार ओळींच्या आसपासची आहे, कुणाचीही परवानगी लागत नाही आणि साधारण लॅपटॉपवरही वाचता येते. १ गिगाबाइटची तपासणी कुठे आहे ती शोधा, आणि मजकूर उतरवण्यासाठी ड्रायव्हर कर्नलकडे कुठली मेमरी मागतो ते पाहा. उत्तर एटीच्या १६ मेगाबाइटपाशी येऊन थांबतं.